मदत हवी आहे: 'अप्पोजियातूरा'त अक्षरं पाच की सहा?

शाळेत संगीत शिकवतो. मुलांसाठी पाश्चात्त्य संगीतातल्या संज्ञांची छोटी पुस्तिका टाइप करतोय आणि या एका इटालियन शब्दावर (appoggiatura) गाडी अडली आहे. मुख्य स्वराच्या आधी येऊन त्याच्यावर रेलणारा स्वर, आपल्या कणस्वराचा लांबचा भाऊ म्हणा. काल वर्गात टाळ्या वाजवून मोजायला लावलं: अप्-पोज्-जि-या-तू-रा, सहा टाळ्या. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, यूट्यूबवर पाचच ऐकू येतात." बहुधा तिचंच खरं, पण का ते मला सांगता येईना. शिवाय जोर कुठे द्यायचा आणि ओळ संपताना शब्द कुठे तोडायचा?

प्रतिसाद: मुलीला शाबासकी द्या. पाचच: अप्-पोज्-जा-तू-रा. स्पेलिंगमधला आय इथे उच्चारायचा नसतो. इटालियनमध्ये जी या अक्षरापुढे ए, ओ, यू आलं की 'ग' होतो. 'ज' हवा तर मध्ये आय घालतात, नुसती खूण म्हणून. 'आर्पेज्जो' आणि 'अदाजो' म्हणूनच तीन-तीन अक्षरांचे. 'एलेजीया'त मात्र जोरच आयवर, त्यामुळे तो स्पष्ट ऐकू येतो.

जोर 'तू'वर. कोलोरातूरा, तेस्सितूरा, सगळीकडे तसंच. जोराचं अक्षर असं उघडं, म्हणजे शेवटी व्यंजन नसलेलं, असलं की स्वर लांबतो, म्हणून तुमचा दीर्घ ऊ योग्य आहे. सगळ्या शब्दांना हाच नियम लावू नका हं. 'त्रेमोलो'त जोर पहिल्याच अक्षरावर आहे आणि स्पेलिंगवरून ते कळत नाही. जोडव्यंजन 'रस्सा' म्हणताना थांबतो तसं थांबून म्हणायचं. ओळही तिथेच तोडा, दोन 'प'च्या मधोमध.

प्रतिसाद: 'ज्जा' छापू नका, मुलं 'जागा'तला ज वाचतील. 'ज्ज्या' करा. 'आंब्याचा' आणि 'आंब्याच्या' म्हणून बघा: दुसऱ्यातला 'य' 'च'चा उच्चार कसा बदलतो! तो आय हेच करतो.

धागाकर्ता: वा! हे शेंगदाणे सोलून हातात दिल्यासारखं झालं. 'ज्ज्या' माझ्या फाँटमध्ये तीन मजली दिसतंय, पण ठेवतो. जाता जाता एक: 'माएस्त्रो' तोडताना 'माएस्-त्रो' ना?

प्रतिसाद: नाही, 'माए-स्त्रो'. इटालियनमध्ये स पुढच्या व्यंजनाला चिकटून जातो.