मदत हवी आहे: ही शिराझ (रेड वाईन) आत्ता प्यायची की ठेवून द्यायची?

मंडळी, कोणी वाईनमधलं जाणकार असेल तर प्लीज सांगा. दिंडोरीकडची एक शिराझ आणलीये, दोनच वर्षांपूर्वीच्या हार्वेस्टची, ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेली, लेबलवर १४ टक्के अल्कोहोल. रंग इतका गडद की ग्लासच्या पलीकडचं बोट दिसत नाही, कडेला अजून जांभळट झाक आहे, विटकरी अजिबात नाही म्हणजे वय कमीच. वास मस्त, काळी मिरी एकदम पुढे (ती म्हणे द्राक्षाच्या सालीतल्या रोटंडोन नावाच्या सुगंधी द्रव्यामुळे येते), मागून व्हॅनिला. पण घोट घेतला की जांभळं खाल्ल्यासारखी जीभ कोरडी पडते, हिरड्यासुद्धा धरतात, आणि गिळल्यावर घशाशी थोडं गरमही लागतं.

अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, दुसऱ्या दिवशी काढून जरा वेळ बाहेर ठेवून प्यायलो तर बरीच मऊ लागली, फळाची चव पण वर आली. मग हा टॅनिनचा (साली, बिया, लाकूड यांतून वाईनमध्ये उतरणाऱ्या तुरट द्रव्याचा) तुरटपणा वयाने जाईल असं समजायचं का? तुरटपणा सालीचा आहे की बियांचा की लाकडाचा हे तोंडात कसं ओळखता तुम्ही? आणि ते गरम लागणं अल्कोहोलचं असेल तर ते काही ठेवून जाणार नाही ना?

अजून दोन बाटल्या आहेत. वाईन कूलर नाही, घरात मे महिन्यात ३५ च्या वर जातं, त्यामुळे रूम टेंपरेचरचा सल्ला नको, त्यात अपेक्षित असलेले १६-१८ डिग्री इथे हिवाळ्यातल्या पहाटेच मिळतात. साध्या फ्रिजमध्ये दोन-तीन वर्षं आडव्या ठेवल्या तर चालतील का, की डिकँटर (वाईन ओतून तिला हवा लागू द्यायचं काचेचं भांडं) घेऊन आत्ताच मटणासोबत संपवू?