जेवणाआधीचं इन्सुलिन आणि मंदावलेलं पोट

जेवणानंतर तासाभरात वडिलांची साखर साठच्या घरात जाते आणि मध्यरात्री तीनशेच्या पुढे, असं तुम्ही लिहिलंय. इन्सुलिनचा डोस कमी-जास्त करण्याआधी पोटाची तपासणी करून घ्या, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. जुन्या मधुमेहात जठराच्या नसा दुखावतात आणि अन्न पुढे सरकायला फार वेळ लागतो. याला गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात. जलद इन्सुलिन १५ मिनिटांत कामाला लागतं, एक-दोन तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो. तेव्हा अन्न अजून जठरातच असतं! मग साखर पडते, आणि अन्न आतड्यात पोचेपर्यंत इन्सुलिन ओसरलेलं असतं. अशा वेळी डॉक्टर कधीकधी इन्सुलिन जेवणानंतर घ्यायला सांगतात किंवा प्रकार बदलतात. पण वेळ स्वतःहून सरकवू नका. तोवर जेवणाची वेळ, इन्सुलिनची वेळ आणि दोन-दोन तासांनी साखर असं वहीत टिपून ठेवा. ती वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

साखर पडली तर ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्या. बिस्किटं अशा पोटात रेंगाळतात.

पायांच्या आगीसाठी गॅबापेंटिन चालू आहे म्हणालात. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲसिडिटीचं औषध आणि त्यात दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर गॅबापेंटिन कमी शोषलं जातं. आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेलं असेल तर गॅबापेंटिनचा डोस कमी करावा लागतो, तेही विचारून घ्या.