बाबा रोज सुडोकू सोडवतात, तेवढं पुरेसं आहे का? अजून कोणता छंद लावता येईल?

मुक्ता७:
बाबा ७३ वर्षांचे आहेत, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. सकाळी उठलं की सुडोकू, मग शब्दकोडं, आणि दोन्ही इतकं सवयीचं झालंय की अर्ध्या तासात हातावेगळं करतात. पण गेल्या वर्षभरापासून माणसांची नावं पटकन आठवत नाहीत, बोलता बोलता एखादा शब्द अडतो आणि मग स्वतःवरच चिडतात. आधी दर रविवारी मित्रांबरोबर पत्त्यांतला ब्रिज खेळायचे, अगदी पाऊस असला तरी जायचे, तेही हळूहळू बंद केलं, विचारलं तर म्हणतात आता मजा येत नाही. मला खरंच काळजी वाटायला लागलीये. फोनवर ते ब्रेन ट्रेनिंगचं अ‍ॅप पैसे भरून घेऊन द्यावं का? की दुसरं काही शिकायला लावू? घरात वयस्कर माणसं असलेल्यांनी अनुभव सांगा प्लीज.

उलटसुलट:
सुडोकू वाईट नाहीच, चालू राहू दे. पण जे हातात पूर्ण बसलंय त्यात डोक्याला नवीन काम फारसं उरत नाही, हे मी माझ्या आईकडे बघून सांगते. तिने जन्मभर स्वेटर विणले, टीव्ही बघता बघता, सुयांकडे न बघता. ६८व्या वर्षी मी तिला चार्ट वाचून विणायची जाळीची नक्षी शिकायला बसवलं. पहिले दोन आठवडे नुसती उसवाउसवी. एकदा चौदाव्या ओळीला एक टाका कमी भरला, तिने तीनदा मोजला, मग बोट ठेवून चार्ट पहिल्यापासून वाचला आणि दहाव्या ओळीत एक जोडटाका जास्तीचा घेतलाय हे स्वतः शोधून काढलं. तो चेहरा मी विसरणार नाही. तेव्हापासून ती शिकतेच आहे.

यावर एक चांगलं संशोधनही झालंय अमेरिकेत. ६० ते ९० वयाची २२१ माणसं, तीन महिने, आठवड्याला साधारण १५ तास. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना गोधड्यांचं शिवणकाम, काहींना दोन्ही. एका गटाने नुसत्या एकत्र जमून गप्पा, खेळ, सहली केल्या आणि एका गटाला घरबसल्या सोपी कामं दिली, गाणी ऐकणं, शब्दांचे खेळ वगैरे. स्मरणशक्ती सुधारली ती नवीन काही शिकणाऱ्यांची. त्यामुळे बाबांना जे अजिबात येत नाही असं काहीतरी बघा, थोडं अवघड वाटलं पाहिजे.

जुना दुर्बीणवाला:
मी स्वतः ७१चा आहे त्यामुळे आतल्या बाजूने सांगतो. ६९व्या वर्षी कॅमेरा घेतला, ऑटो मोडला, म्हणजे कॅमेरा सगळं आपणच ठरवतो त्याला, हात लावायचा नाही असं ठरवलं. उडणारा पक्षी पकडायचा तर शटर स्पीड वाढवायचा, तो वाढवला की फोटो काळा येतो मग अपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेड आत सोडणारं भोक, उघडायचं, ते उघडलं की मागचं सगळं धूसर होतं, आणि हे सगळं पक्षी फांदीवरून उठायच्या आत. पहिल्या महिन्यात शेकडो फोटोंपैकी एकही धड आला नाही. पण चालणं आपोआप झालं आणि बरोबर फिरणारी चार माणसं मिळाली, याचं मोल मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त वाटतं.

चालण्याला कमी लेखू नकोस. २०११ साली एक प्रयोग छापून आला, १२० वयस्कर माणसं, त्यातली निम्मी आठवड्यातून तीन दिवस हळूहळू वाढवत ४० मिनिटं चालायची आणि बाकीची नुसतं स्ट्रेचिंग करायची. वर्षभरानंतर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला मदत करणारा भाग, साधारण २ टक्के वाढलेला दिसला, दुसऱ्या गटात तो थोडा आक्रसला होता.

अ‍ॅपचं म्हणशील तर पैसे भरायची घाई करू नकोस. अशा सरावावर १९९८पासून ६५ वर्षांवरच्या २८०० जणांवर मोठी चाचणी झाली होती. ज्याचा सराव केला त्यात माणसं सुधारली, तर्काच्या आणि वेगाच्या सरावाचा फायदा दहा वर्षांनीही दिसत होता, पण तो बहुतांशी त्याच प्रकारच्या कामापुरता. २०१६ला तर विसरभोळेपणा थांबवू असल्या जाहिरातींसाठी एका अ‍ॅपवाल्या कंपनीला अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले होते.

आणि एक गोष्ट, छंद असलेल्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कमी होतो असं वाचशील, २००३च्या एका अभ्यासात वाचन, बैठे खेळ, वाद्य आणि नाच यांचं तसं नातं दिसलंही होतं. पण ज्यांचा मेंदू आतून थकायला लागलेला असतो ते छंद आधीच सोडतात, त्यामुळे काय कशामुळे हे सांगणं सोपं नाही. म्हणून मला तुझ्या प्रश्नात ब्रिज का सोडला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

कानोसा:
मी हेच लिहायला आले होते!! मुक्ता, बाबांना ऐकू नीट येतंय का ते आधी बघ. माझ्या सासऱ्यांनी असेच पत्ते सोडले होते आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं की विसरायला लागलेत. प्रत्यक्षात काय व्हायचं, वर पंखा चालू, चौघं एकदम बोलतायत, समोरच्याने बोली लावली की यांना आकडा ऐकू यायचा पण पुढचा रंग बदाम की चौकट ते कळायचं नाही. दोनदा विचारायचे, तिसऱ्यांदा विचारायला लाज वाटायची आणि मग अंदाजाने पान टाकायचे. पार्टनर वैतागायचा. कोण जाईल मग? नावं विसरण्याचं पण तसंच, जे नाव नीट कानावरच पडलं नाही ते लक्षात कसं राहणार.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीयेत, त्यात कमी ऐकू येणं आहे, कमी दिसणं आहे आणि एकटं पडणं पण आहे. २०२३ला श्रवणयंत्रांवर तीन वर्षांची चाचणी आली, सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात विचारशक्तीची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. आणि यंत्र आणून दिलं की झालं असं नसतं, सवय व्हायला आठवडे लागतात, सासरे पहिल्या दिवशी म्हणाले भांड्यांचा आवाज डोक्यात जातोय आणि काढून ठेवलं. रोज थोडा वेळ वाढवत न्यावं लागलं.

शिवाय डॉक्टरांना एकदा दाखवच. बी१२ कमी असणं, थायरॉईड, डिप्रेशन, झोपेच्या काही गोळ्या, यानेही विसरायला होतं आणि त्यावर उपाय आहेत. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पैशांच्या हिशोबात गोंधळ असं काही दिसलं तर छंदाचा परिणाम बघत थांबू नकोस.

मुक्ता७:
सगळ्यांचे खूप खूप आभार. कानोसा, तुझं वाचून मी काल रात्री बाबांच्या शेजारी बसले आणि सरळ विचारलं. आधी म्हणाले छे, ऐकू येतं मला. मग थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाले, एकट्याचं येतं गं, चौघांत बसलं की कोण काय बोललं ते तुटक तुटक येतं. टीव्हीचा आवाज एवढा मोठा असतो हे मला रोज दिसत होतं आणि मी नुसती आवाज कमी करा म्हणून ओरडत होते, याचं फार वाईट वाटलं. गुरुवारी कानांची तपासणी आहे, रक्ताची पण सांगितलीये. अ‍ॅप घेत नाही.

दुर्बीणवाले काका, कपाटात भावाचा जुना कॅमेरा होता तो काढून दिला. बाबांनी मला ऑटो मोड कुठे आहे ते विचारलं, मी म्हटलं त्याला हात लावायचा नाहीये, तर दुपारभर सेटिंग्जमध्ये डोकं घालून बसले होते आणि संध्याकाळी खिडकीतून कावळ्याचा एक पूर्ण काळा फोटो दाखवायला आले.

ब्रिजच्या मित्रांना मीच फोन करणार होते पण ते नको म्हणाले, कानाचं झालं की मीच करतो म्हणाले.

जुना दुर्बीणवाला:
खिडकीत उजेड पाठीमागून येतोय. त्यांना सांग एक्सपोजर दोन घर वर घ्यायला, कावळा दिसेल.