मदत हवी आहे: ठरावीक अ‍ॅपच हळू चालतात, तक्रार कशी मांडू?

राजारामपुरीत घरी फायबर आहे. रात्री आठनंतर व्हिडिओ कॉल नुसता गोल गोल फिरतो, कंपनीचं स्वतःचं सिनेमांचं अ‍ॅप मात्र सुसाट. स्पीड टेस्ट पूर्ण 100 दाखवते. राउटर बदलला, लॅपटॉपला थेट केबल लावली, तेच. व्हीपीएन (कुठलं अ‍ॅप वापरतोय हे कंपनीला दिसू न देणारी सोय) लावला की कॉल सुरळीत! कस्टमर केअरचं पालुपद एकच, 'रिस्टार्ट करा.'

2015 ला नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे कंपनीनं सगळ्या साइट-अ‍ॅपना सारखंच वागवावं यासाठी, ट्रायला (दूरसंचार नियामकाला) गेलेल्या लाखो मेलमध्ये माझाही एक होता. 2016 ला वेगवेगळ्या साइट-अ‍ॅपसाठी वेगवेगळे डेटा दर लावण्यावर बंदी आली, पण इथं प्रश्न वेगाचा आहे. ट्राय वैयक्तिक तक्रार घेत नाही, हे माहीत आहे. कंपनी बदला म्हणू नका, बिल्डिंगमध्ये दुसरी लाइनच नाही. कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं नेट न्यूट्रॅलिटीचा मुद्दा कसा लिहायचा, आणि स्क्रीनशॉटशिवाय कुठला पुरावा जोडू?