मांडवीकाठी मुलांसाठी उद्यान करायचंय, पण काठ भिंतीने बांधून न काढता. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठाला आमच्या गावाची थोडी जमीन पडून आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा बार्जमध्ये भरायचं खनिज इथे रचून ठेवत. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुढे ढीगही गेले, पण भराव राहिला. आता पंचायतीने तिथे उद्यान करायचं ठरवलंय. मी गावच्या शाळेत शिकवते, म्हणून मला समितीत घेतलंय.

पहिल्या आराखड्यात नदीकडेने चिऱ्यांची उभी भिंत आहे. तिला लागून पेव्हर ब्लॉकची वाट, लॉन, शोभेचे पाम, दिव्यांचे खांब आणि प्राण्यांचे सिमेंटचे पुतळे. काठ ढासळू नये ही समितीची काळजी खरी आहे. पण भिंत झाली तर मुलांना नदी नुसती लांबून दिसेल. भरती जिथवर चढते आणि ओहोटीला जिथे चिखल उघडा पडतो, त्याच पट्ट्यात खेकड्यांची बिळं आहेत, शेवटे नावाच्या माशांची पिल्लं तिथेच वाढतात, बगळे आणि खंड्या तिथेच टपून असतात. शिकण्यासारखं जे काही आहे ते सगळं त्या पट्ट्यात, आणि भिंत नेमकी तिथूनच जाणार.

खालच्या टोकाला थोडी खारफुटी आपसूक आलीय: तिवर, कांदळ, मधे मधे मारांडी. भरावावर मात्र रानमोडी आणि ऑस्ट्रेलियन अकेशिया माजलेत. पाणी पावसाळ्यात गोडं आणि एप्रिल-मेमध्ये मचूळ, त्यामुळे झाडांची यादी करताना अडायला होतं. करंज आणि उंडी तगतील असं वाटतं. वाळुंज आणि शेरणी मला फार हवीत, पण ती गोड्या पाण्याकाठची. इथे टिकतील का?

शिकवायचं कसं याबद्दल थोडा विचार केलाय. तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावलं की मीठ कळतं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबतं, ते मुलांना हातात घेऊन पाहता यावं. पाण्यात एक खुणा केलेला खांब हवा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांग (लहान भरती-ओहोटी) मुलं स्वतः वहीत नोंदवतील. कुंभारजुवे कालव्याकाठी मानगेथापणीला चिखलाची मगर घडवून पुजतात. आमच्या मुलांनीही सिमेंटच्या मगरीवर बसण्यापेक्षा नदीच्या चिखलातून मगर घडवावी असं मला मनापासून वाटतं.

भिंतीशिवाय काठ कसा धरून ठेवायचा, हे समितीला पटेल असं कुणी सांगाल का? आणि सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १

ताई, रोपांच्या आधी जमिनीची उंची बघा. खारफुटी साधारण समुद्राच्या सरासरी पातळीपासून उधाणाच्या रेषेपर्यंतच वाढते. तुमचा भराव त्या रेषेच्या वर असणार, म्हणून तिथे तिवर नाही, रानमोडी आहे. काठाकडचा भराव काढून सपाट उतार केलात आणि भरतीला आत यायला वाट दिलीत, तर शेजारच्या झाडांची बियाणं पाण्यावर तरंगत येऊन स्वतःच रुजतात. लागवड कमीच लागेल. उघड्या चिखलात मात्र काही लावू नका, थंडीत येणारे चिखलपक्षी तिथेच खातात. उतार पहिल्या पावसात वाहून जाऊ नये म्हणून काथ्याची जाळी अंथरा. ती कुजेपर्यंत मुळं माती धरतात. उभ्या भिंतीला बार्जच्या लाटा आपटून परततात आणि पायथा पोखरतात, उतारावर त्यांचा जोर विरतो. समितीला हेच सांगा.

शेरणी आणि वाळुंज या जागी नको. वरून गोड्या पाण्याचा ओहळ येत असेल तर त्याच्या काठाला लावा. उधाणाच्या रेषेवर करंज, उंडी, केवडा आणि त्याहून वर जांभूळ. अकेशिया एकदम तोडू नका, आधी सावलीत देशी रोपं धरू द्या. झाड तोडायला वनखात्याची परवानगीही लागेल.

प्रतिसाद २

परवानगीचं आधी बघा. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारी 5 भाग किंवा जास्त असेल, तर नदीचा तो भाग सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात, येतो. खारफुटी 1000 चौरस मीटरहून जास्त असेल तर भोवती 50 मीटरचा पट्टा राखण्याचीही तरतूद आहे. भराव काढायला यंत्र आणण्यापूर्वी किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज करा. आराखड्यातली भिंतही त्याच नियमात अडकेल, हे समितीच्या कानावर घाला.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ओहळ आहे, वरच्या कोपऱ्यातून येतो आणि सध्या पाइपात घातलाय. तो पाइप काढून ओहळ उघडा करायचा म्हटलं तर त्याच्या दोन्ही काठांना किती जागा सोडावी?