फ्लोट ट्यूब आणि पाँटूनवरून मासेमारी करताना कोणते फिन घ्यावेत?

प्रश्न

नमस्कार. काठावर उभे राहून गळ टाकण्याऐवजी फ्लोट ट्यूबमध्ये (आसन असलेल्या, हवा भरलेल्या आणि पायांनी चालवायच्या तरंगत्या नळीत) बसून मासेमारी करायला मी अलीकडेच सुरुवात केली आहे. घरात स्नॉर्कलिंगचे फिन (पायात घालून पाणी ढकलायची रुंद पाती) होते, म्हणजे ज्यांत अनवाणी पाऊल बुटासारखे पूर्ण आत जाते असे. तेच वेडरच्या (पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक विजारीच्या) निओप्रीन, म्हणजे मऊ रबरी, मोज्यांवर कसेबसे चढवून मी पाण्यात उतरलो. तासाभरात दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, परत येताना वारा समोरून असल्यामुळे पुढे सरकणे कठीण झाले आणि काठाजवळ उजव्या पायातला फिन निसटून बुडाला. आता मला पाँटून बोटही (दोन हवा भरलेल्या नळ्यांवर आसन बसवलेली छोटी बोट) वापरायला मिळणार आहे. दोन्हींसाठी एकच जोडी घ्यावी अशी इच्छा आहे. फिन लांब असावेत की आखूड, कडक की लवचिक, मधोमध चीर असलेले चालतील का, आणि ते मोज्यांवर घालावेत की बुटांवर, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्याला जो त्रास झाला त्याचे मूळ पायांच्या ताकदीत नसून बसण्याच्या स्थितीत आहे, आणि फिन निवडताना सर्वांत आधी हीच गोष्ट लक्षात घ्यावी लागते. लुई द कॉर्लियू यांनी 1933 साली फ्रान्समध्ये फिनचे पेटंट घेतले तेव्हापासून आजपर्यंत बहुतेक फिन पाण्यात आडवे झालेल्या पोहणाऱ्यासाठी घडवले गेले आहेत. आडव्या शरीरात फटका कमरेपासून निघतो आणि मांडीचे मोठे स्नायू भार उचलतात. आपण मात्र खुर्चीत बसल्यासारखे बसतो, मांडी जवळजवळ स्थिर राहते आणि सगळा फटका गुडघ्याखालून मारावा लागतो. शिवाय आपण पाठीच्या दिशेने जातो. गुडघा सरळ करताना फिनच्या वरच्या बाजूने पाणी पुढे ढकलले जाते आणि ट्यूब मागे सरकते. पाय परत घेताना पाण्याचा अडथळा जितका कमी तितके बरे.

यावरून लांबीचा प्रश्न बराचसा सुटतो. लांब पाते म्हणजे लांब तरफ, आणि तिचा सगळा भार घोट्यावर व गुडघ्यावर येतो, कारण ती पेलायला कंबर मोकळी नसते. मुक्त डुबकीसाठी (श्वास रोखून खोल जाण्यासाठी) वापरले जाणारे लांब फिन म्हणूनच ट्यूबमध्ये निरुपयोगी ठरतात. उथळ पाण्यात ते तळाला लागून गाळही ढवळतात, आणि ज्या माशांसाठी आपण इतक्या शांतपणे जवळ गेलो तेच दूर पळतात. पाते आखूड आणि रुंद असावे. कडकपणा मध्यम असावा: फार लवचिक पाते वाऱ्यात नुसतेच वाकते, तर फार कडक पाते पहिल्या अर्ध्या तासात छान वाटते आणि त्यानंतर पोटऱ्या धरते. या दोहोंतून एकच निवडायची वेळ आली तर मी थोडे लवचिक पाते घेईन, कारण दिवसभरात आपण मारतो ते बहुतेक फटके हळू आणि जागा धरून ठेवण्यापुरतेच असतात.

चीर असलेले फिन मी एक हंगाम वापरले. लहान व जलद फटक्यांनी पोहणाऱ्याला ते उपयोगी पडत असतील, पण आपल्या संथ, लांब फटक्यांना त्यांच्याकडून हवा तसा जोर मिळाला नाही. त्याहून मोठी अडचण अशी की गळाची सैल दोरी आणि पाणवनस्पती त्या चिरेत अडकत राहतात.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. पादत्राणांबद्दल मात्र अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक चुकीच्या खरेदी तिथेच होतात. केवळ निओप्रीन मोज्यांवर फिन घातला तर पट्टा टाचेच्या वर रुततो, तळव्याला आधार मिळत नाही आणि काठावरच्या खड्यांनी मोज्याला भोक पडते ते वेगळेच. वेडरवर बूट घालावा आणि त्या बुटावर मागून उघडा, पट्ट्याचा फिन घालावा. वेडरचे बूट स्कूबाच्या मऊ बुटांपेक्षा पुष्कळ रुंद असतात, त्यामुळे पायाचा नेहमीचा आकडा सांगून घेतलेला फिन हमखास अरुंद निघतो. आपला बूट बरोबर नेऊन, तो घालून, खुर्चीवर बसून फिन चढवून पाहावा. पंजा फिनच्या पाय घालायच्या खाचेत शेवटपर्यंत गेला पाहिजे, पण बोटांवर दाब येता कामा नये, कारण थंड पाण्यात दाबलेली बोटे लवकर बधिर होतात. बुटाच्या तळाला धातूचे खिळे असतील तर ते फिनची खाच कुरतडतात. फिनसाठी साध्या तळाचा बूट बरा.

पट्ट्याबाबत माझे मत ठाम आहे. स्प्रिंगचा पट्टा ओढून सोडला की बसतो आणि त्याला मोकळे टोक नसते. बकलचा पट्टा चालतो, पण त्याचे लोंबणारे टोक दोरीत गुंतते, म्हणून ते आत खोचावे किंवा कापून टाकावे. दोन्ही प्रकारांत फिनला बारीक दोरी बांधून तिचे दुसरे टोक घोट्याला अडकवावे. ट्यूब चालते ती केवळ पायांवर. मध्यावर एक फिन गेला तर माणूस जागच्या जागी फिरत राहतो. शक्य असल्यास पाण्यावर तरंगणारा फिन घ्यावा. स्कूबाचे जुन्या धाटणीचे जड रबरी फिन दणकट असले तरी सुटल्यावर तळ गाठतात, आणि त्यांचे वजन दिवसभर पायांना पेलावे लागते.

प्रतिसाद ३

पाँटूनविषयी थोडे लिहितो. तिथे बैठक उंच असते, त्यामुळे घोटे आणि फार तर पोटरीचा खालचा भाग पाण्यात जातो, आणि वरवरच्या पाण्यातच फिनला काम करावे लागते. मुख्य प्रवास वल्ह्यांनी होतो. दोन्ही हात गळाच्या काठीवर असताना बोट जागेवर धरणे आणि हळूच वळवणे एवढेच फिनकडे येते. वल्ही मारताना पाय उचलून पायटेकणीवर ठेवावे लागतात, नाहीतर पाण्यात ओढले जाणारे फिन बोटीला मागे खेचतात. तेथे लांब पाते सांगाड्याला आपटते. म्हणून पाँटूनसाठी आखूड, हलका आणि टोकाकडे किंचित वर वळलेला फिन घ्यावा. तो ट्यूबमध्येही चालेल, मात्र वाऱ्यात थोडा कमी पडेल.

वाहत्या पाण्यात पाँटून नेणार असाल तर फिन घालून प्रवाहात उभे राहू नये. पाण्याचा जोर रुंद पात्यावर बसला की पाय खालून सरकतो आणि पुन्हा उभे राहणे फार अवघड होते. ट्यूब तर स्थिर पाण्यापुरतीच ठेवावी.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बूट बरोबर नेऊन बसून पाहण्याची सूचना मला कधीच सुचली नसती. माझा बहुतेक वेळ ट्यूबमध्येच जाणार आहे, पाँटून अधूनमधूनच मिळेल. अशा स्थितीत एकच जोडी घ्यायची तर कल कुणाकडे ठेवावा?

प्रतिसाद १

ट्यूबकडे. पाँटूनवर फिन कमी पडला तर वल्ही आहेत, ट्यूबमध्ये दुसरा उपायच नाही. रुंद, मध्यम कडकपणाची, तरंगणारी जोडी घ्या आणि पाते पायटेकणीवर सहज मावेल इतकेच लांब असू द्या. नवी जोडी घेऊन पहिले दोन दिवस काठाजवळच राहा, लाइफ जॅकेट घालूनच उतरा, आणि नेहमी आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जा, म्हणजे पाय थकल्यावर परतताना वारा आपल्याला काठाकडे आणील. फिन पाण्याच्या अगदी कडेला बसून चढवावेत आणि पाण्यात उलटे चालत शिरावे. समोर चालायला गेलात तर पाते दुमडून तोल जातो.