बादलीत थेंब टाकण्याआधी

ताई, बादलीभर पाण्यात लव्हेंडर तेलाचे दहा-बारा थेंब थेट टाकायचं तुम्ही सुचवलंय, त्यात थोडी भर घालते. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. म्हणजे पहिल्या तांब्यातच ते जवळजवळ सगळं, निव्वळ, अंगावर येतं आणि नाजूक त्वचेची आग होते. त्यापेक्षा १५ मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ५-६ थेंब मिसळून आंघोळीआधी अंगाला चोळा. फरशी निसरडी होते, घरात म्हातारी माणसं असतील तर लगेच धुऊन घ्या.

आपल्या नागपुरात संत्र्याच्या तेलाचा मोह होणारच, वास आहेच तसा! पण त्यातलं लिमोनीन नावाचं द्रव्य हवेने आणि उष्णतेने बदलतं, मग त्याची ॲलर्जी येऊ शकते. मे महिन्यात पारा ४५ कडे सरकतो तेव्हा बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्येच ठेवा.

लहान मुलांच्या आंघोळीत निलगिरी आणि कापूर अजिबात नको.

उन्हाळ्यात मला तर वाळाच सगळ्यात आवडतो. स्वच्छ धुतलेली जुडी रात्रभर बादलीत भिजवायची, सकाळी काढून घ्यायची. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांचा तोच गार वास अंगाला येतो, आणि तेल मोजत बसावं लागत नाही.